उजवा बूट

उमरगा, रविवार, दिवेलागण

दुपारी मोबाईलवर फुटबॉलमधल्या एका आर्मेनियन फॉरवर्डचा शेवटचा सामना पाहिला. त्यानं बूट काढून मैदानाच्या मधोमध ठेवले आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. मीही फॉरवर्डच होतो, तालुक्याच्या संघाचा. गुडघा गेला, खेळ सुटला. निरोप? कसला निरोप! डावा बूट धाकट्या भावानं नजर लागू नये म्हणून ट्रकमागं बांधला. उजवा मी कपाटात जपला. कशासाठी, कुणास ठाऊक.

आत्ता भाऊ आला. म्हणाला, "दादा, बूट वाटंत कुठंतरी पडला. दुसरा देता का? त्याच्याबिगर गाडी काढू वाटंना."

कपाटातून उजवा काढला. माझ्याच हातानं बांधला.

ट्रक हैदराबादच्या रस्त्याला लागला. मागं उजवा बूट हेलकावत होता. तो दिसेनासा होईपर्यंत मी उभाच होतो.