फाटक रिदिमची वाटणी

मी, उल्का राजीव मेहेंदळे, वय ५४, मूळची पुण्याची, हल्ली राहणार इचिकावा, जपान, पुढच्या आठवड्यात हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाण्याआधी स्वहस्ते हे मृत्युपत्र लिहिते. डोके ठिकाणावर आहे. कुणाची जबरदस्ती नाही. मनात मत्सर आहे, पण तोही माझा स्वतःचा आहे.

१. घरातला माझा हिस्सा व बँकेतली शिल्लक पती राजीव यांना मिळावी.

२. ड्रम मशीन आणि स्पीकर मुलगी अस्मिता हिला. विकले तरी चालतील, धूळ खात ठेवू नयेत.

३. आता खरी मिळकत, 'फाटक रिदिम'. रिदिम म्हणजे एकच संगीत, ज्यावर प्रत्येक गायक आपले वेगळे गाणे गातो. घराजवळच्या रेल्वे फाटकाच्या घंटेवरून हा डान्सहॉल, म्हणजे जमैकन नाचगाण्याच्या धर्तीचा, ताल मी बांधला. प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या साऱ्या सुट्ट्या त्यात घातल्या. योकोहामाचा डेलरॉय, कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, काम करणारी मिका, असे सात जण त्यावर गायले. आठवा आलाच नाही. त्या दिवशी माझी नणंद कौमुदी तोक्योतल्या निशी-कसाईहून सहज आली होती. माइक मोकळा पाहून म्हणाली, "वहिनी, गंमत करू?" आणि गायली, "आज कचरा कुठला गं बाई, जळणारा की न जळणारा?" इथे हे दोन कचरे वेगवेगळ्या दिवशी टाकावे लागतात, त्यावरून.

अल्बम निघाला. क्लबात जपानी पोरे मराठीत ओरडू लागली, "न जळणारा!" मी मात्र जळत होते. नुसता ताल लावला तरी लोक तिचेच शब्द म्हणत. राजीव भांडी घासताना तेच गुणगुणत. अस्मितासुद्धा म्हणाली, "आई, आत्याचं गाणं लाव ना." ताल माझा, गाणे आत्याचे! त्या दिवाळीत कौमुदीला मी फराळाला बोलावले नाही. त्याचा पश्चात्ताप नाही.

४. गेल्या महिन्यात एका निर्मात्याने त्याच शब्दांसाठी तिला नवे, भारी संगीत देऊ केले. तिने नाही म्हटले. राजीवना म्हणाली, "दादा, वहिनींचा ताल काढला तर माझ्या शब्दांत उरतं काय? कचराच." हे ऐकल्यावर तिच्यावर रागवायला निमित्त उरले नाही. राग आहेच.

५. फाटक रिदिमचे सर्व हक्क मी कौमुदीला देते. अटी अशा: नव्या गायकांना, विशेषतः तिच्याहून चांगल्यांना, तिने अडवू नये. माझे नाव तिच्या नावाच्या वर छापावे. माझ्या अंत्यविधीला नुसता ताल वाजवावा, तिने गाऊ नये.

सह्या व्हायच्या आधीच कौमुदी आली, म्हणून हेही लिहिते. शेजारचे शैलेंद्र आणि नयना साक्षीदार म्हणून बसलेले पाहून तिचा चेहरा पडला.

"वहिनी, माझी सही चालली नसती?"

"नाही. ज्याला काही मिळायचंय, त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले."

ती हात पुढे करून म्हणाली, "मग मला काही नको. पेन द्या."

म्हणजे इथेही हीच पुढे! पेन मी नयनाला दिले. कलम पाच कायम आहे.

सही: उल्का राजीव मेहेंदळे

साक्षीदार: १. शैलेंद्र गोखले २. नयना गोखले

इचिकावा, दि. १४ मे २०२५