दिपाचा उजवा घोटा

१६ जाने.
फिजिओच्या मॅडमनी वही करायला लावली. रोज सूज मोजायची, व्यायाम किती झाला ते लिहायचं. दिपा म्हणे आई तूच लिही, मला त्या पायाकडं बघवत नाही. मी चौथी शिकलेली. लिहिते.
उजवा घोटा ब्लाउजच्या टेपनं साडेदहा इंच. डावा नऊ.
रविवारी मैदानावर पळताना खड्ड्यात पाय गेला. दीड वर्ष झालं, रोज पहाटे पळते पोर, पोलीस भरतीसाठी. धुळ्याची तारीख आली, २६ फेब्रु. आणि आता हे.

१७ जाने.
सूज तेवढीच.
काल एक गोष्ट लिहिली नाही. पोरीला मैत्रिणींनी धरून घरी आणलं तेव्हा पहिला हात मीच लावला. दुसऱ्या कुणाचा लागणार? आमच्या गावात पाय मुरगळला, मनगट गेलं, की अक्काकडं, म्हणजे माझ्याकडं. वीस वर्षं झाली. सासूबाईंनी शिकवलं. तीळतेल गरम केलं, चोळलं, टाच धरून ओढलं. कट् वाजलं. मी म्हटलं, बसला. कट् वाजलं म्हणजे बसला, असंच आम्ही समजतो.
दिपा ओरडली ती निराळीच. बाळंतिणीसारखी.
सकाळी पाय काळानिळा.

१९ जाने.
मॅडमनी पाठवलं म्हणून जळगावला डॉक्टरकडं. मशीनमधला फोटो आला. घोट्याच्या बाहेरची पुढची लिगामेंट पूर्ण तुटली, खालची टाचेकडं जाते ती अर्धी. डॉ. नी विचारलं, "कुणी चोळलं, ओढलं का?"
मी तोंड उघडणार तर दिपा म्हणे, "नाही."
मी गप्प बसले. मी. जिचं तोंड एस.टी.तबी बंद राहत नाही.

२० जाने.
सूज १०।, म्हणजे सव्वादहा. बर्फ तीनदा. पाय उशीवर.
दिपाला विचारलं, खोटं का बोललीस. म्हणे, "मंग काय सांगू? माय, तूच तोडं म्हनीसन?"
भाकरी करपली.

२३ जाने.
मॅडमकडं प्लॅस्टिकचा पाय आहे, सांधे सुटे होतात. पोरगीच आहे ती, दिपापेक्षा चार वर्षं मोठी असंल. पण सांगते नीट. एका पायात सव्वीस हाडं. मी वीस वर्षं पाय धरते, मला घोटा, टाच, चवडा आणि बोटं एवढंच माहीत.
मधे एक हाड आहे. नळीच्या खाली, टाचेच्या वर बसलेलं. त्याला एकबी स्नायू चिकटत नाही. चौफेर फितीच, म्हणजे त्या लिगामेंट, धरून ठेवतात त्याला. बाहेरून तीन. एक पुढं, एक खाली टाचेला, एक मागं. आतल्या बाजूला पंख्यासारखी रुंद, ती लवकर तुटत नाही. म्हणून पाय आत मुडपतो आणि बाहेरचं तुटतं.
वर-खाली होतो तो एक सांधा. आत-बाहेर वळतो तो त्याच्या खालचा, वेगळाच. मी दोन्ही एकदम गरगर फिरवायचे.
किती पाय फिरवले असतील.

२५ जाने.
रामा नाना आले. लंगडत. "अक्का, मना पाय लचकना. दखी ले जरा."
म्हटलं, "नाना, जळगावले जा, फोटो काढा."
"माले काय लगीन जमाडनं शे का, फोटो काढाले?"
हसले नाही मी. नाना पायरीवर बसून राहिले. "तू नही देखशी ते कोन देखी?" मी आत गेले ते बाहेर आलेच नाही. बरं दिसलं नाही ते. वयानं मोठा माणूस.

२८ जाने.
सूज ९॥. उतरते.
पाचोऱ्याच्या बाजारात खाटकाकडून बकऱ्याचे दोन पाये आणले. हे म्हणाले, सूप कर, पोरीच्या हाडाला बरं. सूप नंतर. आधी ओट्यावर ठेवून एक सांधा चाकूनं उघडला. मांस बाजूला केलं तर खरंच, पांढरी फीत. ओली, चमकदार, चिवट. या हाडावरून त्या हाडावर. दोन्ही हातांनी ओढलं, जराबी ताणली नाही. मला वाटायचं, आत सगळं रबरासारखं असंल, ओढलं की जागेवर येतं.
मग ती फीत चाकूनं अर्धी कापली. पुन्हा ओढलं.
कट्.
तोच आवाज. नाहीतर माझे कान

हे आले बघायला. "काय करतीस?" म्हटलं, सूप.

२ फेब्रु.
मॅडमला सांगितलं. दिपाला बाहेर बसवून. मीच ओढला म्हटलं, कट् वाजलं, मला खरं सांगा. खालची फीत पडतानाच गेली का माझ्या हातानं?
मॅडमनी तो प्लॅस्टिकचा पाय हातात घेतला. म्हणे, मावशी, आता कुणीच सांगू शकत नाही. फोटो नंतरचा आहे. कट् कधी नुसती हवाबी वाजते. पण चोळल्यानं आतलं रक्त वाढलं, हे मात्र खरं.
म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरला विचारू? म्हणे विचारा. तेबी हेच सांगतील.
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

६ फेब्रु.
सूज ९।. अंगठ्यानं हवेत मुळाक्षरं काढायची, मॅडमनी सांगितलं. दिपा 'क' पासून सुरू करते, 'ठ' ला दुखतं. सायकलची ट्यूब कापून खाटेच्या पायाला बांधली, तिच्यात चवडा अडकवून बाहेर ओढते. वीस-वीसदा.
मी हात लावत नाही. टेप बी तिचीच ती लावते, मी आकडा लिहिते.

११ फेब्रु.
एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटून. डावा पाय अर्धा मिनिट सहज. उजवा, चार मोजेपर्यंत. घोटा थरथरतो. मॅडम म्हणे, तुटलेल्या फितीतून डोक्याला खबर जात नाही पाय कसा पडला त्याची, ती पुन्हा शिकवायची.
चुलीपाशी मीबी उभी राहिले डोळे मिटून. पडले असते.

१५ फेब्रु.
ह्यांचं आणि माझं जोरात. म्हणे, जन्माची लंगडी झाली तर कोण करंल तिला? मी म्हटलं, तुम्हाला लग्नच दिसतं, पोरीचं दीड वर्ष नाही दिसत. म्हणे, दीड वर्ष तर तूच
हे थांबले. पण बोलून झालं होतं.

२० फेब्रु.
डॉ. म्हणाले चालू दे, जिना चढू दे. पळायला अजून तीन-चार आठवडे तरी नको. दिपानं मान हलवली. मी तिला ओळखते.
बसमध्ये म्हणे, "पट्टी बांधून आठशे मीटर मारते आई. पुढची भरती कधी निघंल काय माहीत." मग म्हणे, "तू सांग. पळू का?"
बठ्ठ्या गावाला, एकूण एक माणसाला मी सांगते, आज टेकू नको, परवा टेक, आता जा कामाला. एक दिवस अडले नाही कधी. दोन गावं गेली, आमचं स्टँड आलं, मी खिडकीतून बघत राहिले.

२४ फेब्रु.
शेतातल्या वाटेवर पळून बघितलं तिनं. दोनशे पावलं. आली. बर्फ लावला. सूज ९॥.
रात्री बॅग भरली. मी अडवलं नाही. जा बी म्हटलं नाही.

२६ फेब्रु. धुळे
सकाळी सात. मैदानाच्या भिंतीबाहेर बसून लिहिते. आत फक्त पोरी. पट्टी तिची तिनंच बांधली, मॅडमनी दाखवली तशी, टाचेखालून आठाच्या आकड्यासारखी. गेटमधून जाताना मागं बघितलं नाही.
बायका बसल्या आहेत, साक्रीकडच्या बऱ्याच. एकीची पोर बाहेर आली, उडीच मारत एका पायावर. घोटा फुगलेला. तिची आई ओरडायला लागली, "कोनी चोळनारं शे का आठे?"
मी उठले. म्हटलं, चोळू नका, ओढू नका. समोर रसवंती आहे, बर्फ आणा, फडक्यात बांधा, पाय वर ठेवा.
बाई माझ्यावरच धावली. "तुम्ही काय डाक्टर शेतस का?"
"नही. मी चोळनारी शे."
मग गेली बर्फाला.

आत शिट्टी झाली. आठशेची आहे म्हणे. दिपा ह्या गटात का पुढच्या, माहीत नाही. भिंत उंच. नुसते पाय वाजतात मातीवर, कुणाचे कोणते कळत नाही.