ओट्यावरचे सदतीस अंश

२६ एप्रिल, घोडेगाव

"आनखी खाली घे," अण्णा म्हणाले. मी खिळा उपटला, पुन्हा ठोकला. आता तापमापी ओट्याच्या भिंतीवर, माठाशेजारी. बसल्या बसल्या अण्णांचा हात पोचेल इतक्या खाली. आकडे जवळून बघायचे असतील.

करार असा – रोज दुपारी तीनला तापमापीचा फोटो तुषारला. पारा बेचाळीसला टेकला की तो गाडी घेऊन येणार, अण्णांना पिंपरीला नेणार. कायमचं. गेल्या मे महिन्यात बाजारातून येताना ते उन्हाने रस्त्यात पडले. तेव्हापासून तुषार, माझा भाऊ, वडिलांबद्दल दुसरं बोलत नाही. अण्णांना घर सोडायचं नाही. तरी करार ऐकून म्हणाले, "चालंल." इतक्या पटकन!

कॉलेजच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणलेत. महिनाभर इथेच.

२७ एप्रिल

सव्वीस. तुषारचा लगेच फोन. "ताई, घोडेगावचं महाबळेश्वर झालं का?"

बाहेर कुत्री गटारात बसलेली. अण्णा म्हणाले, "तापमापी नवी हाय. जाग्याची सवय व्हायला येळ लागतो."

२८ एप्रिल

अडतीस. सवय झाली.

३० एप्रिल

दाराची कडी पदराने धरायची. नळाला संध्याकाळीसुद्धा चहाचं पाणी. ढग सगळे तिकडे घाटमाथ्यावर रिकामे होतात, आपल्या वाट्याला नुसता वारा. शेजारची कडूबाई म्हणते, दुसरं लुगडं पिळेस्तोवर पहिलं वाळतं. उत्तरपत्रिकांच्या कडा वर वळल्यात. आतली उत्तरंही कोरडीच, पण त्याला हवा जबाबदार नाही.

ओट्यावर सदतीस. कडूबाईने डोळे बारीक करून पाहिलं. "अण्णा, तुमच्या वट्यावर येगळं ऊन पडतं व्हय?"

"मानूस बघून पडतं ते."

तापमापीच्या खालच्या गोळ्याला धोतराची चिंधी बांधलेली दिसली. काच फुटू नये म्हणून, म्हणे.

१ मे

बुद्धपौर्णिमा. विहारात खीर. अण्णांनी दोनदा घेतली. सदतीस.

२ मे

तीनला थोडा अवकाश होता. खिडकीतून सहज पाहिलं. अण्णांनी माठात बोट बुडवलं, चिंधीवर एक थेंब सोडला. पारा पाहिला. आणखी एक थेंब. पुन्हा पाहिला. मग धोतराला बोट पुसलं आणि डोळे मिटून बसले, गाढ झोप लागल्यासारखे.

माठ पाझरून गार होतो, तशीच चिंधी. पहिल्या दिवशी हात सढळ पडला असावा.

तीन वाजता फोटो काढला, पाठवला.

३ मे

आज थोडा खेळ केला. तीन वाजता मोबाईल घेऊन ओट्यावर गेले आणि म्हटलं, "चष्मा कुठे गेला?"

"डोक्यावर हाय."

"पुसायला हवा." या हवेत चिंधी किती वेळ ओली राहणार? अडतीस.

"काढ की फोटू."

"तुषारला आधी विचारते, जेवला का." एकोणचाळीस.

"तो जेवला का न्हाई ते फोटूत दिसनार हाय का?"

चाळीस. अण्णांची नजर माठाकडे, माझी अण्णांकडे. एकेचाळीसला फोटो काढला. त्यांनी श्वास सोडला आणि मला म्हणाले, "लई हळू झालीस तू. म्हातारी झालीस."

६ मे

उत्तरपत्रिकेवर लाल ठिपका पडला. मला वाटलं पेन गळतंय. मग दुसरा, तिसरा. घोळणा फुटला होता. अण्णांनी मला बाजेवर आडवं केलं, डोक्यावर पाणी थापलं, कांदा फोडून नाकाशी धरला. एकदाही थट्टा केली नाही.

तीन वाजता चिंधी कोरडी. त्रेचाळीस.

"काढ फोटू," म्हणाले. "खरं काय ते धाड." आणि उठून घरात गेले.

मी मोबाईल घेतला. ठेवला. माठात बोट बुडवलं. थेंब बेतानेच सोडायचा असतो, ते आता मलाही कळलंय. सदतीस. पाठवला.

अण्णा बाहेर आले. तापमापीकडे बघितलं. माझ्या ओल्या बोटाकडे बघितलं.

७ मे, पिंपरी

सकाळी तुषारची गाडी दारात. रात्री अण्णांनीच फोन केला होता. ओट्यावर पिशवी भरून ठेवलेली – माझी. शेजारी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले.

"हिला ने. हिला हितलं ऊन सोसत न्हाई."

"आणि तुम्ही?" तुषारने विचारलं.

"मला काय झालंय? सदतीस तर हाय. फोटू हाय की तुझ्याकडं, हिनंच धाडलेला."