त्रेसष्ट नावांची यादी

मी, खाली सही करणारी प्रेमिला चंपतराव भोयर, वय सत्तेचाळीस, अविवाहित, परराष्ट्र खात्यातून स्वेच्छेने निवृत्त झालेली लघुलेखिका, राहणार मानेवाडा रस्ता, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. येत्या सोमवारी धंतोलीतील एका दवाखान्यात माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर धीर देतात, पण पुढचे काही विचारले की खिडकीकडे पाहतात. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, गळही घातलेली नाही. उलट जिच्यासाठी लिहीत आहे तीच लिहू नका म्हणते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. दोन खोल्या, व्हरांडा आणि मागचे लिंबाचे झाड. हे मी माझ्या पगारातून बांधले. वडिलोपार्जित एक वीटही यात नाही. माझ्यामागे हे घर माझ्या कुटुंबातील पंचफुला दौलत गजभिये हिला मिळावे. यावर एक अट आहे, ती कलम ६ मध्ये. कारण सविस्तर लिहिते, कारण माझा भाऊ ते कोर्टात विचारील आणि तेव्हा उत्तर द्यायला मी नसेन.

२. कारण. १९६४ साली मी ज्या देशातल्या आपल्या दूतावासात होते त्याचे नाव लिहीत नाही. गुप्ततेची शपथ निवृत्तीने सुटत नाही, असे मी मानते. तिथल्या एका नागपूरकर अधिकाऱ्याची मुले सांभाळायला पंचफुला आली होती. त्यांची बदली झाली, नव्या ठिकाणी त्यांना तिची गरज नव्हती. ती माझ्या दीड खोलीत राहायला आली. पहिल्याच सकाळी म्हणाली, "बाई, तुमच्याकडं पोळपाट नाही. तुम्ही इतके दिस जगल्या कशा?"

दोन वर्षांनी त्या शहरात सत्तापालट झाला. रस्त्यावर रणगाडे आले आणि आम्ही सगळे, कर्मचारी, बायका, मुले मिळून चौसष्ट माणसे, अकरा दिवस दूतावासाच्या आवारात राहिलो. स्वयंपाकी त्याच्या गावात अडकलेला. पंचफुलेने कोणालाही न विचारता स्वयंपाकघराचा ताबा घेतला. घरोघरचे पीठ, तांदूळ एकत्र केले. ज्या बायकांनी लोणच्याच्या बरण्या ट्रंकेत ठेवल्या होत्या, त्यांच्याकडून त्याही काढून घेतल्या. साहेब लोकांना सांगितले, "जेवण झालं का ताट घासून ठेवायचं. इथं चपराशी नाही कोणी." साहेबांनी ताटे घासली.

सातव्या दिवशी दूध संपले. आमच्या एका कारकुनाची बायको सिंधूताई, तिचे बाळ चार महिन्यांचे, आणि भीतीने तिचे अंगावरचे दूध आटलेले. पंचफुला मागच्या फाटकातून गल्लीपलीकडच्या शेळ्या पाळणाऱ्या म्हातारीकडे गेली. तिथली भाषा तिला येत नव्हती. नागपूरच्या गांधीबाग बाजारातून घेतलेली, घडीही न मोडलेली साडी तिने म्हातारीपुढे ठेवली आणि डबाभर दूध आणले. पुढचे चार दिवस रोज गेली. कोपऱ्यावरचा बंदूकवाला शिपाई तिला थांबवायचा, डब्यात डोकावायचा आणि सोडायचा. बाळ जगले.

सगळे निवल्यावर दिल्लीहून पत्र आले. कठीण काळात परदेशात सेवा केल्याबद्दल कर्मचारीवर्गाचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे आभार मानायचे आहेत, तरी नावे कळवावीत. यादी मी टाइप केली. नावापुढे रकाने दोनच: पद, किंवा कर्मचाऱ्याशी नाते. पंचफुलेला पद नव्हते. नाते काय लिहावे, म्हणून मी यंत्रापुढे बसून राहिले. 'बहीण' लिहिले असते तर कोणी तपासले नसते. साहेबांना विचारले असते तर तिच्या हातचे अकरा दिवस जेवलेला माणूस नाही म्हणाला नसता. मी विचारले नाही. नियमाबाहेर लिहायची सवय नव्हती, हे खरे. तिचे घराणे कोणते आणि माझे कोणते, हे माझ्या बोटांना ठाऊक होते आणि ती त्या शब्दाला धजली नाहीत, हेही खरे. मी त्रेसष्ट नावे पाठवली.

समारंभ हिरवळीवर झाला. राजदूतांनी एकेक नाव मोठ्याने वाचले, बायकामुलांनाही पुढे बोलावून हातात आभारपत्र दिले. ते रास्तच झाले. दर तीन वर्षांनी घर मोडायचे, मुलांच्या शाळा तोडायच्या, आईवडिलांचे जाणे तारेने ऐकायचे, याबद्दल त्या बायकांना एरवी कोण विचारतो? सिंधूताईच्या बाळाचेही नाव घेतले. पंचफुला चहा देत होती.

३. हे मी तिला तेरा वर्षे सांगितले नाही. गेल्या रविवारी सांगितले. ती मेथी निवडत होती, हात थांबला नाही.

"मले मालूम होतं."

"कसं?"

"त्या दिवशी तुम्ही माह्या हातचा चहा घेतला नाही. माह्याकडं पाह्यलं बी नाही. म्हटलं, बाईनंच केलं काहीतरी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली ना. आठ दिवस भाजीत मीठ कमी टाकलं. तुम्ही म्हटलं, असंच करत जा, तब्येतीले बरं आहे."

मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "मागा. लय उशीर केला तुम्ही." क्षमा केली असे ती म्हणाली नाही, म्हणून मीही तसे इथे लिहीत नाही. घर देऊन ही गोष्ट फिटत नाही, हे मला कळते. घर तिचे आहे, कारण ती त्यात राहते.

४. माझा धाकटा भाऊ मधुकरराव, खापरखेडा वीज केंद्रात नोकरीला, वसाहतीत राहतो. तो मला म्हणाला, "ताई, काहून असं करून राहिली वं? नोकराले पगार देतात, घर नाही देत." मी म्हटले, "मी न्हाणीत पडले तेव्हा दोन महिने तुझी बस चुकत होती. तिची चुकली नाही." तो उठून गेला. पण याच मधुकरने स्वतःची सायकल विकून मला लघुलेखनाच्या वर्गाला पाठवले होते. माझा राग खरा आणि त्याचे उपकारही खरे. पोस्टातील आणि बँकेतील सर्व शिल्लक त्याला द्यावी, बाबांचे घड्याळही.

५. टाइपरायटर मधुकररावांची मुलगी सुभद्रा हिला. त्याचा 'र' अडकतो, हलक्या हाताने दाबावा. माझा प्रेशर कुकर १९६५ साली एका साहेबांच्या पत्नीने दोन दिवसांसाठी नेला, त्यावरचा हक्क मी आज सोडत आहे.

६. वरच्या कलमांचा कच्चा मसुदा मी पंचफुलेला वाचून दाखवला, तेव्हा त्यात अट नव्हती. ती म्हणाली, "हे असं चालणार नाही. तुमचा भाऊ मले आठ दिवस बी राहू देईन का? मी कागद दाखवीन, तो वकील दाखवीन. सुभद्राले एक खोली लिहून द्या. पोरगी रोज खापरखेड्यावरून बसनं कॉलेजात येते, अर्धा जीव तिथंच जाते. पोरगी घरात असली तर बाप भांडायले येणार नाही, जेवायले येईन."

म्हणून तिच्या सांगण्यावरून: सुभद्राचे शिक्षण पुरे होईपर्यंत समोरच्या खोलीत राहण्याचा तिला हक्क राहील. स्वयंपाक दोघींनी वाटून करावा. घराची मालकी पंचफुलेचीच.

७. अंत्यविधी मधुकररावांनी आपल्या रीतीने करावा. घरातली म्हणून पंचफुला पुढे बसेल.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील मनोहरराव काळमेघ करतील.

सही होताना लाभ मिळणाऱ्या व्यक्तीने खोलीत असू नये, म्हणजे पुढे वाद निघत नाही, असा मनोहररावांचा सल्ला आहे. म्हणून पंचफुला व्हरांड्यात उभी आहे. तिला बाहेर का ठेवले ते या वेळी मी आधीच सांगितले. "ठेवा," ती म्हणाली, "पण दार लावू नोका."

दार उघडे आहे. सही करते.

प्रेमिला चंपतराव भोयर

आमच्यासमक्ष सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमक्ष:
१. डॉ. मुकुंद देशकर, धंतोली
२. रुपराव ठवकर, निवृत्त शिक्षक, शेजारी

स्थळ: नागपूर
दिनांक: १४ नोव्हेंबर १९७९