माशांच्या टाकीतल्या पंपांची खरखर

ती. ताईंना नमस्कार.

तुमची तब्येत ठीक असेल आणि साडूसाहेबांचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असेल, असं धरून चालतो. माझं बरं आहे. जेवण वेळेवर होतं. (काय जेवतो ते विचारू नका, वेळेवर होतं एवढं खरं.) रविवारी तुमचे चिरंजीव गाडी घेऊन तुमच्या धाकट्या बहिणीची माशांची टाकी न्यायला येणार आहेत. त्याआधी टाकीची खरी हकिगत तुम्हाला कळलेली बरी. "तुम्हाला झेपायचं नाही, मासे माझ्याकडे द्या," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी हो म्हटलं होतं.

ती गेल्याला आज सहा आठवडे झाले. टाकीत पाणी फिरवणारे दोन पंप आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. ती असताना त्यांचा आवाज कधी कानावर आला नव्हता. ती गेल्यावर आठवड्याभरात उजवा खरखरायला लागला, मग डावा. (घरघर लिहिणार होतो, पण तो शब्द या घरात सध्या नको.) नेमकी माणसं भेटायला यायची वेळ. टाकी बैठकीत, सोफ्यासमोर. येणारा डोळे पुसत बसायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, आणि पंप त्याच्या आधी बोलायचा.

खोटं कशाला सांगू, सगळ्यांची सुटका झाली. गेलेल्या माणसाविषयी काय बोलावं हे कुणालाच माहीत नसतं. पंपाविषयी सगळ्यांना माहीत असतं. कारखान्यातले आमचे साहेब पाच मिनिटं मान खाली घालून बसले आणि म्हणाले, "बेअरिंग गेलंय." सांत्वन एवढंच. आत्या रडता रडता थांबली, "व्हिनेगरात बुडव रे, क्षार बसलेत त्याच्यावर," म्हणाली आणि उरलेलं रडून घेतलं. शेजारच्या वायरमननी तर बाह्या सरसावून पंप बाहेरच काढला, आतलं पंख्यासारखं चाक दात घासायच्या ब्रशनं घासलं आणि त्यात अडकलेलं गोगलगाईचं टरफल सर्वांना दाखवलं. टरफल हातोहात फिरलं. पंप परत बसवला, तर आवाज पूर्वीपेक्षा मोठा. त्यावर दोन तट पडले: पंप काचेला टेकतोय म्हणणारे, आणि मुळात मालच हलका म्हणणारे. चहा दोनदा झाला. निघताना सगळे "काळजी घ्या" म्हणाले, ते मला की पंपाला, हे समजलं नाही.

मी सगळे उपाय केले. व्हिनेगर झालं, पंपामागे स्पंजचा तुकडा झाला, नवं चाक झालं. शेवटी कुणी आलं की बटणच बंद करू लागलो, कारण दुःखाच्या घरात असला आवाज बरा दिसत नाही. एका सकाळी तिच्या ऑफिसातली मंडळी येऊन गेली आणि बटण चालू करायचं राहून गेलं. संध्याकाळी दोन मासे वर तरंगत होते. आठाचे सहा झाले. हे कुणाला कळवलेलं नाही, तुम्हालाच सांगतो आहे.

काल धुणंभांडं करणाऱ्या मावशी लेकीचं बाळंतपण उरकून परत आल्या. टाकीकडे बघून म्हणाल्या, "साहेब, पाणी कोण घालतं हिच्यात?"

कसलं पाणी, मी विचारलं.

"अहो, बाई रोज सकाळी एक जग भरून घालायच्या. उडून जातं ना ते."

पाणी पंपांच्या तोंडापर्यंत उतरलं होतं. पंप पाण्याबरोबर हवा ओढत होते, त्याची ती खरखर. कारखान्यात तीस वर्षं मी मापं तपासली, सुताचा फरक दिसला तरी माल परत पाठवला. डोळ्यांसमोरच्या टाकीत चार बोटं पाणी कमी झालेलं मला दिसलं नाही. पुढचं याहून वाईट आहे. बाल्कनीत एक भरलेली बादली असायची. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून ती आदल्या दिवशीच पाणी भरून ठेवायची, असं मावशी म्हणाल्या. मी ते शिळं पाणी म्हणून मोरीत ओतलं, बादली घासली आणि तिच्यातच व्हिनेगर घालून पंप भिजवले.

तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. चौतीस वर्षं आमचं असंच छान चाललं होतं.

काल टाकी भरली. दोन्ही पंप गप्प झाले. साडूसाहेबांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमच्या बहिणीचे हे

ता. क. चिरंजीवांना रविवारी पाठवू नका. सहा मासे मी सांभाळीन.

ता. क. २. रोज दुपारी तुमचं आणि तिचं फोनवर तासभर बोलणं व्हायचं. दिवसभरात या घरात ती काय काय करायची, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असेल. आठवेल तसं लिहून पाठवा. क्षुल्लक वाटलं म्हणून गाळू नका. मला एखादी गोष्ट बंद पडल्यावरच कळते. फोन मात्र नको. फोनवर मी "बरं, बरं" म्हणून ठेवून देतो.

ता. क. ३. वर सहा लिहिलं आहे. काल एक दिवस थांबायचा धीर झाला नाही, सगळं माहीत असून सरळ नळाचंच पाणी भरलं. आज सकाळी पाच आहेत. तरी चिरंजीवांना पाठवू नका. पत्र तेवढं लवकर पाठवा.