फुगलेलं झाकण

चि. ठमीस,

तुझा पाळणा, अभ्यासाचं टेबल आणि परदेशी नेलेली ती पेटी मी याच हातांनी केली, कुणाकडे न शिकता, एकही खिळा न ठोकता. तिथल्या दमट हवेत पेटीचं झाकण फुगून घट्ट बसलं, परीक्षेचं ओळखपत्र आतच राहिलं आणि तुझं वर्ष गेलं.

‘नाचता येईना, अंगण वाकडं. फोडायची होतीस,’ मी फोनवर फटकारलं.

‘तुम्ही केलेली होती ना, बाबा,’ एवढंच तू म्हणालीस.

लाकडाला फुगायला सूतभर जागा सोडावी लागते. झाकणाच्या फटीत कागदही जाऊ नये, या तोऱ्यात मी ती सोडली नाही. हे फोनवर सांगवलं नाही, आणि हे पत्रही टाकवेलसं वाटत नाही.

काल एक व्यापारी आला होता. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी अशाच दोनशे पेट्या हव्या होत्या. चार लाख आगाऊ ठेवत होता. मी नको म्हटलं.

तुझा बाबा