कोपरा फाटलेल्या कार्डांची वाटणी

मी, रंगराव धोंडीबा सोळंके, वय बहात्तर, राहणार चिखली, कोणाच्या दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर असताना हे लिहून ठेवतो. शुद्धीचा डॉक्टरी दाखला जोडला आहे. ते डॉक्टर सूनबाईच्या ओळखीचे निघाले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचाही जोडला आहे.

आजच लिहिण्याचे कारण असे की, माझ्या कपाटातून जुनी पोस्टकार्डे नाहीशी होत आहेत. कुलूप शाबूत आहे. म्हणजे चोर घरातला, नाहीतर घरात येऊन चहा पिणारा. माझा संग्रह त्याच्या हाती जाऊ नये.

१. चिखलीचे घर व बँकेतली ठेव माझ्या पश्चात पत्नी सुमन हिची. मुलगा निरंजन याने दिवाळीत भिंती मोजल्या होत्या. पडद्यांसाठी, म्हणाला. घर विकण्याचा अधिकार सुमनखेरीज कोणालाही नाही.

२. लेथवरची माझी मोजमापाची हत्यारे निरंजनला. तो चाकणला रोबोट सांभाळतो, त्याला ती लागणार नाहीत. तरी विकू नयेत.

३. संग्रहात दोन गठ्ठे आहेत. पहिला चित्रांच्या कार्डांचा. पूर्वी कार्डाच्या पाठीवर पत्त्याशिवाय काही लिहू देत नसत, म्हणून गोऱ्या साहेबांनी देवळाच्या चित्रावरच, शिखराच्या बाजूने, आपल्या आईची खुशाली विचारलेली आहे.

माझा जीव मात्र दुसऱ्या गठ्ठ्यात. मयताची बातमी कार्डाने यायची तेव्हा वर श्री नसे, कोपरा फाडलेला असे. पोस्टमनच्या हातात दिसताच घराला कळे. वाचून उंबऱ्याबाहेरच फाडून टाकायचे, आत न्यायचे नाही. त्यामुळे अशी कार्डे उरतच नाहीत. कोणी विसरले, किंवा कोणाला फाडवले नाही, तेवढीच राहिली. दापोडीचा रद्दीवाला अन्वर शेख ती माझ्यासाठी वर्षानुवर्षे बाजूला काढून ठेवत आला. नेमकी तीच कमी होत आहेत.

४. सबब सून स्वप्नाली हिला संग्रहातले काहीही मिळू नये. ती कार्डांचे मोबाइलवर फोटो काढते. "बाबा, लोकांना आवडतात," म्हणते. हे लोक कोण, ते सांगत नाही.

५. अन्वरलाही काही देऊ नये. कोणते कार्ड कुठे आहे हे माझ्याखेरीज त्यालाच ठाऊक. गणपतीपासून मी त्याच्या दुकानाची पायरी चढलेलो नाही. तो दोनदा घरी आला. "रंगराव, माझं काय चुकलं ते तरी बोला," म्हणाला. मी पेपर वाचत बसलो.

६. इथवरचे वकील व साक्षीदारांना वाचून दाखवत असताना सुमन चहा घेऊन आली. कप खाली न ठेवताच म्हणाली, "अन्वरभाऊंचं नाव काढा त्यातनं. म्या फाडलीत ती."

किल्ली माझ्या बंडीच्या खिशात असते, आणि बंडी ती धुते. निरंजनचा हात कंपनीत मशीनमध्ये सापडला होता, तेव्हापासून दर अमावास्येला एक कार्ड ती उंबऱ्याबाहेर नेऊन फाडते. "परक्याची मयतं घरात साठवून ठिवलीत तुमी. पोरगं रातपाळीला गेलं की मला झोप न्हाई."

सगळी एकदम का नाही फाडलीस, असे मी विचारले.

"तुमाला सोसलं नसतं," म्हणाली.

मला राग आला, तो अजून आहे. वकील म्हणतात, कलम चार व पाच खोडा. खोडाखोडीवर पुढे संशय घेतात, म्हणून तशीच ठेवून ती येथे रद्द करतो. चित्रांची कार्डे स्वप्नालीला. कोपरा फाटलेली अन्वरला, आणि तीही आजच, म्हणजे सुमनला झोप लागेल. दापोडीला मी स्वतः जाणार. त्याच्यासमोर काय बोलायचे ते बसमध्ये ठरवीन.

७. माझी बातमी निरंजनने मोबाइलवर पाठवू नये, कार्डे टाकावीत. एक सुमनच्या नावाने, याच पत्त्यावर. हातात न देता पोस्टातून, म्हणजे शिक्का बसेल. रीतीप्रमाणे तिने ते उंबऱ्याबाहेर फाडावे. तिचा हात बसलेला आहे. पण ती ते फाडणार नाही, असा मला दाट संशय आहे.

सही: रंगराव धोंडीबा सोळंके (सही कोणी गिरवू नये म्हणून अंगठाही दिला आहे)

साक्षीदार: विजयश्री कुलथे, दिघी, प्रीतम गवारे, चिखली

स्थळ: चिखली
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५